मारुती झेनचा डावा ब्रेक कॅलिपर: चोर खोबणीत बसला होता

गाडीचं पुढचं डावं चाक ब्रेकमध्ये अडकून बसायचं, ते एकदाचं सुटलं. जॅकवर उचलून, गिअर न्यूट्रलला टाकून हाताने फिरवलं तर आता पॅड डिस्कला नुसता चाटून जातो. (कॅलिपर म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग.) उजव्या चाकालाही हाच त्रास होता; ती बाजू मागेच मोकळी झाली, ते आधी इथे लिहिलंच आहे. हा पुढचा सगळा पसारा डावीचा.

लक्षण तेच जुनं. गाडी थंड असली की तक्रार नाही. डिचोलीहून साखळीला जाऊन आलं की डावं चाक जड, रिमला हात लावता येत नाही आणि तो ओळखीचा जळका वास. टेम्परेचर गनने बघितलं तर उजवी डिस्क साठ-पासष्टला, डावी दीडशेच्या वर. आणि गंमत म्हणजे डावीचं सील किट (पिस्टनभोवतीचं रबरी सील आणि बूट) जुनं नव्हतंच. गेल्या पावसाळ्याआधी एका गॅरेजात ते बदलून घेतलं होतं, त्यामुळे संशय इतर सगळ्यांवर आधी गेला.

कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना काढल्या. दोन्ही बोटाने सरकत होत्या, त्यांचे रबरी बूट शाबूत. मग होज पाइप. रबरी होज जुना झाला की आतून फुगतो, ऑईल कॅलिपरकडे जातं पण परत येत नाही आणि ब्रेक धरून बसतो. याची परीक्षा सोपी आहे. चाक जाम असतानाच कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल अर्धा आटा सैल करायचा. ऑईलची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर दाब आत अडकला होता. मग निपल बंद करून चाक पुन्हा जाम होऊ द्यायचं आणि या वेळी होज आणि लोखंडी पाइप यांचा जोड सैल करायचा. तिथे सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरकडे (पेडल ज्याला दाबतं तो मुख्य सिलिंडर), तिथेही सुटलं नाही तर होजमध्ये. माझ्याकडे निपलमधून चार थेंब गळले आणि चाक होतं तसंच घट्ट. म्हणजे होज आणि मास्टर दोघेही एका फटक्यात निर्दोष. राहिला कॅलिपर.

पिस्टन काढायला मी हवेचा कॉम्प्रेसर वापरत नाही. दाबाने पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोट मध्ये असलं तर संपलं. होज जोडलेलाच ठेवून, समोर फळीचा तुकडा लावून, पेडलनेच बाहेर आणायचा. भाचा सीटवर.

"दाब. हळू. धर."

"मामा, पेडल खाली गेलं."

"आता सोड, झालं."

खाली थाळी ठेवा आणि मडगार्डवर फडकं टाका, ब्रेक ऑईल रंग खातं.

पिस्टन बघून डोकंच फिरलं. क्रोम चकचकीत, बुटाच्या बाजूला चार बारीक ओरखडे, बस. सील मऊ, नवं. सगळंच ठीक, मग अडतंय काय? सील काढून पिस्टन नुसता सिलिंडरमध्ये सोडला, तर सुळकन आत. सील बसवून ऑईल लावून ढकलला, तर सी-क्लॅम्प लागला. उजव्या बाजूला हेच काम दोन अंगठ्यांनी झालं होतं. नव्या किटमधलं दुसरं सील घालून पाहिलं, फरक शून्य. पिस्टन नाही, सील नाही, सिलिंडर नाही. उरली सीलची खोबणी.

इथे जरा थांबतो, कारण सगळा प्रकार इथेच आहे. आपल्या या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे घ्यायला स्प्रिंग नसतो. ते काम सील करतं. पेडल दाबलं की पिस्टन पुढे जाताना चौकोनी सीलला आपल्याबरोबर थोडं वाकवतो, पेडल सोडलं की सील सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. सीलला वाकायला जागा मिळावी म्हणून खोबणीची पॅडकडची कड तिरकी कापलेली असते. माझ्या डाव्या कॅलिपरमध्ये ती तिरकी जागा गंज आणि जुन्या रबराच्या पुटाने भरून दगड झाली होती. सील वाकणार कुठे? उलट खालून वर उचललं जाऊन पिस्टनला आवळत होतं. टॉर्च मारून दिसलं नाही, कारण पुटाचा रंग बिडासारखाच होता. दोन्ही कॅलिपरच्या खोबणीत आळीपाळीने आकडा (हूक) फिरवला तेव्हा हाताला कळलं. गॅरेजवाल्याने घाण न काढता वर नवं सील दाबून दिलं होतं.

डावीकडेच का, याचं माझं उत्तर: आपल्याकडे डावं चाक कायम रस्त्याच्या कडेच्या चिखलात. खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ, वर जून ते सप्टेंबर पाऊस. पिस्टनचा जुना बूट फाटलेला होता, पाणी आत जायला आणखी काय हवं.

सायकलच्या आऱ्याचं टोक वाकवून, घासून चपटा आकडा केला आणि टीव्हीसमोर बसून खोबणी कोरली. घरच्यांच्या मते हे जेवणाच्या टेबलावरचं काम नाही. खोबणीत सँडपेपर घालू नका, कडा गोल होतात. शेवटी ब्रेक क्लीनर मारून कोरडं केलं. पेट्रोल-रॉकेल नको, त्याचा अंश राहिला तर सील फुगतं. मग सीलला ताजं ऑईल लावून पिस्टन ठेवला आणि दोन अंगठ्यांनी दाबला. गेला! काहीही गरज नसताना पुन्हा बाहेर काढून पुन्हा दाबला.

एक मत, पटो न पटो. सिलिंडर होन करून (आतून घासून गुळगुळीत करून) घ्या असं जो तो सांगतो. या रचनेत सील सिलिंडरमध्ये स्थिर असतं आणि घासतं ते पिस्टनवर. पैसे घालायचे तर चांगल्या पिस्टनवर घाला. मी तर कुंडईच्या लेथवाल्याकडून स्टीलचा पिस्टन करवून घेणार होतो, मापंही घेतली होती. ते आता रद्द. नुसतं लेथवर कापून चालत नाही, ग्राइंड करून पॉलिश लागतं, नाहीतर सील खरवडून निघेल.

लाल रबर ग्रीसचं दुखणं मात्र कायम. म्हापशात मागितलं की साधं मल्टिपर्पज ग्रीस पुढे करतात, नाहीतर "फाल्यां येतलें" (उद्या येईल). ते फाल्यां अजून उजाडलेलं नाही. शेवटी मित्राने बेळगावहून डबी आणली. बूट आणि सीलला तेच, पिनांना सिलिकॉन. पेट्रोलियमचं ग्रीस या रबराजवळ नको.

ब्रॅकेटचा गंज घरच्या माडाच्या व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून सुटला. पिना त्यात घालू नका, वरचा मुलामा जातो.

ब्रेक ऑईल पूर्ण बदललं, डॉट ४ दर्जाचं. कोरडं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओलावा शोषल्यावर १५५. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. आपल्या दमट हवेत दुसरा आकडा महत्त्वाचा, म्हणून दर दुसऱ्या वर्षी ऑईल बदलायचं ठरवलंय. दीडशेला तापलेली डिस्क आणि जुनं ऑईल घेऊन घाट उतरायची कल्पनाच नको.

चोर्ला घाटाच्या पायथ्याच्या केरीपर्यंत जाऊन आलो. दोन्ही डिस्क जवळजवळ सारख्या तापमानाला, गाडी ब्रेकला सरळ थांबते. त्याच दमात चोर्ला चढून बेळगावला जायचा बेत होता, होजही तिथूनच आणणार होतो. होज निर्दोष आहेत, पण वयाने गाडीएवढेच. हे लिहिता लिहिता बेत बदलतोय. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली, मास्टरपासून तेच लांब. तेव्हा तिथल्या ड्रममागच्या बॅकप्लेटच्या खालच्या कडेला ओल दिसली. आधी मागचे ड्रम उघडतो. व्हील सिलिंडर गळत असेल तर लायनरही भिजले असणार, म्हणजे दोन्ही बाजूंचा सेट. या मॉडेलच्या मागच्या सिलिंडरचं चांगलं किट कुणाला फोंडा-मडगावकडे मिळालं असेल तर दुकान सांगा.