अ‍ॅल्युमिनियम अडून बसलं, मिठानं हललं

नोंद चौथी. गिरगाव, गॅलरीतला कोपरा.

मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या पाण्यात बुडवलेल्या लोखंडी खिळ्यावर तांबं चढलं. ते सगळ्यांचंच चढतं, त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त एक : माझे पहिले खिळे जस्ताचा मुलामा दिलेले निघाले. त्यांच्यावर काळा भुगा धरला आणि मी उगाच मोरचुदाला दोष देत बसलो. खिळे पॉलिश पेपरने घासून घ्या.

या आठवड्यात अ‍ॅल्युमिनियम. २५० मिली पाण्यात २५ ग्रॅम मोरचूद, म्हणजे तीव्रता साधारण ०.४ मोलर (लिटरमागे ०.४ मोल). त्यात पोळ्या गुंडाळायच्या फॉइलची पट्टी सोडली. अभिक्रियाशीलता श्रेणीत (कोणता धातू कोणाला द्रावणातून हुसकावतो, त्या क्रमवारीत) अ‍ॅल्युमिनियम जस्ताच्याही वर, तेव्हा धमाल उडायला हवी. तासभर पाहिलं, पट्टी जशीच्या तशी चकचकीत! अंगावरचा ऑक्साइडचा पापुद्रा काही नॅनोमीटरचाच, पण तेवढ्यावर ती अडून बसलेली.

मग अर्धा चमचा मीठ. (आईचं बजावणं : "तो चमचा परत डब्यात गेला तर बघ.") दोन-तीन मिनिटांत पट्टीवर तांबूस ठिपके, मग बुडबुडे. क्लोराइड तो पापुद्रा जागोजागी फोडतं आणि आतला धातू उघडा पडतो. थोड्या वेळाने बरणी हाताला चांगलीच गरम लागली, पट्टीची चाळण झाली, तळाशी विटकरी गाळ. बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून झाकण लावू नका आणि गॅसची शेगडी लांब ठेवा. चष्मा, हातमोजे हवेतच.

गाळ धुऊन कागदावर वाळत घातला. पण जुलैतली मुंबई! सकाळपर्यंत लालसरपणा गेला, तपकिरी भुकटी उरली. पुढच्या वेळी शेवटचं पाणी स्पिरिटने काढून बघणार.

उरलेलं निळं पाणी मोरीत ओतायचं नाही, तांबं माशांना घातक. तासगावच्या मामांची द्राक्षबाग आहे. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) ते विळ्याचं पातं बुडवतात. तांबूस झालं तर मोरचूद मोकळं आहे, अजून चुना हवा. तीच युक्ती मी उचलली. टाकाऊ पाण्यातलं तांबं उतरावं म्हणून बरणीत जुने खिळे टाकून ठेवलेत आणि रोज एक घासलेला खिळा बुडवून पाहतो.

आज तिसरा दिवस. पाणी हिरवट झालंय, खिळा अजून लाल येतो.