इस्त्री, हेडफोन आणि दोन डॉक्टर

दुपारी कपड्यांचा ढीग इस्त्रीला काढला आणि कानात ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचं एक श्रुतिनाट्य लावलं. ‘मिन्युएट इन हेल’, बिग फिनिश या श्रुतिनाट्य कंपनीचं, २००१ सालचं. मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ रूप बदलत राहतो; इथे त्याचा आठवा अवतार, पॉल मॅकगॅनच्या आवाजातला, मनोरुग्णालयात कोंडलेला, स्मृती गेलेली. आणि तिथलाच दुसरा एक रुग्ण छातीठोकपणे सांगतोय, डॉक्टर मीच! चेहरे दिसत नाहीत, त्यामुळे खरा कोण हे नुसत्या आवाजावरून ठरवायचं. टीव्हीवर हा खेळ पहिल्या मिनिटाला फसला असता. इथे मी दोनदा गोंधळले आणि निळ्या कुर्त्याची बाही करपवली.

सैतान, अमेरिकेचं काल्पनिक एक्कावन्नावं राज्य, राजकारण... पसारा जरा जास्तच आहे. ब्रिटिश नटांचे अमेरिकी हेल तर ऐकवत नाहीत. शिवाय मनोरुग्णालय म्हणजे भीतीचं तयार नेपथ्य, हे मला आता खटकतं. पण आपण कोण हे सांगतोय आणि कुणीच विश्वास ठेवत नाही, ही धास्ती मात्र सैतानापेक्षा खरी वाटली.

आईने आत येऊन विचारलं, "कोणाशी बोलतेस गं?"

मी मोठ्याने म्हणत होते म्हणे, "अहो, तो डॉक्टर नाहीये!"