तुम्ही विचारलंत म्हणून : केवढा धक्का बसतो हो त्या .४४ ला?

माझ्याकडे एक जुनं .४४ मॅग्नम रिव्हॉल्वर आहे हे कुणाला कळलं की पुढचा प्रश्न मला आता पाठ झालाय. "धक्का केवढा बसतो हो? मनगट नाही का मोडत?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "पण आता एवढी हलकी चांगली पिस्तुलं मिळतात, मग हे धूड कशाला?" इतकी वर्षं मी काहीतरी थातुरमातुर सांगून सुटायचो, पण परवा एकाच दिवशी दोघांनी विचारलं तेव्हा म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकू.

तर, धक्का बसतो. चांगला मोठा बसतो. साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटरच्या वर वेगाने पुढे जाणार म्हटल्यावर त्याची परतफेड तुमच्या तळहातावरच होणार, दुसरीकडे कुठे जाणार ती. नळी वर उडते, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या जागेत मूठ जोरात येऊन रुतते, आणि हात खांद्यापर्यंत हलतो. पण मनगट मोडत नाही. नीट उभं राहून दोन्ही हातांनी घट्ट धरलंत, कोपरं ताठ लॉक केली नाहीत, तर साधारण तब्येतीच्या कुठल्याही माणसाला झेपतं. रिव्हॉल्वर स्वतःच सव्वा किलोच्या वर आहे, त्यातला बराचसा धक्का ते स्वतः खातं.

खरा त्रास वेगळाच आहे आणि तो मला कळायला जवळजवळ वर्ष गेलं.

हे रिव्हॉल्वर मला क्लबातल्या एका काकांकडून मिळालं, कागदपत्रं वगैरे सगळं रीतसर करून (परवान्याचं मला विचारू नका, प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, ते आधी तिथल्या तिथे नीट विचारा). स्मिथ अँड वेसन, मॉडेल २९, साडेसहा इंची नळी, काळपट निळं पॉलिश, लाकडी मूठ. काकांची बोटं संधिवाताने आखडायला लागली होती म्हणून त्यांनी सोडलं. देताना एवढंच म्हणाले, "बाळा, आवाजाला भुलू नकोस." मी अर्थातच भुललो. पहिले काही महिने रेंजवर जायचं, पूर्ण ताकदीची काडतुसं भरायची, धडाधड सहा बार काढायचे, शेजारच्या लेनमधले वळून बघतायत हे बघून मनातल्या मनात खूश व्हायचं आणि टार्गेटकडे बघितलं की गोळ्या सगळ्या खाली डावीकडे. कधीकधी कागदावरच नाहीत. मी दोष दिला माशीला (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा), मग मागच्या साइटला, ती स्क्रू फिरवून फिरवून पार टोकाला नेली, मग काडतुसांना, मग उजेडाला.

काका एक दिवस शांतपणे माझ्यामागे येऊन उभे राहिले. म्हणाले दे इकडे, मी भरून देतो, तू बघू नकोस. त्यांनी सिलिंडरमध्ये (सहा भोकांचा तो फिरता भाग, काडतुसं त्यातच भरायची) तीन खरी काडतुसं आणि तीन रिकामी केसं, म्हणजे उडालेल्या काडतुसांची पितळी नळकांडी, अशी मिसळून घातली, सिलिंडर बंद केला आणि माझ्या हातात दिलं. पहिला बार उडाला. दुसऱ्याला मी चाप ओढला, घोडा, म्हणजे मागून काडतुसावर आपटणारा हातोडा, रिकाम्या केसवर पडला, नुसतं 'टक्', आणि नळीने जी काही खाली बुचकळी मारली ती बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धक्का नव्हताच, गोळीच नव्हती, आणि तरी माझे हात तो न आलेला धक्का दाबून धरायला आधीच खाली गेलेले. म्हणजे इतके महिने प्रत्येक बाराला मी हेच करत होतो, फक्त आवाजात आणि धुरात ते दिसत नव्हतं.

तेव्हा विचारणाऱ्यांना माझं उत्तर हे की धक्का हाताला जाणवतो तोवर गोळी नळीच्या बाहेर गेलेली असते, नेमाचं जे वाटोळं होतं ते तुम्ही धक्क्याची वाट बघत दचकता त्याने. आणि हे दचकणं हलक्या पिस्तुलातही असतंच, तिथे ते लपून जातं इतकंच. या धुडात ते एवढं मोठं होऊन समोर येतं की स्वतःशी खोटं बोलायची सोय राहत नाही. मी ते ठेवलंय ते बरंचसं याचसाठी.

यावर इलाज काय केला तर कंटाळवाणा. घरी दोनदोनदा तपासून रिकामं केलेलं रिव्हॉल्वर, काडतुसं दुसऱ्या खोलीत, माशीमागे नळीवर एक नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता चाप ओढायचा. रोज वीस वेळा. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चाप अगदी हलका, फुंकर मारल्यासारखा सुटतो, पण नुसत्या चापानेच घोडा उचलायचा तर चांगली ताकद लागते, आणि मी मुद्दाम तेच जास्त करायचो कारण तिथे बोट झटका देतंय की सरळ मागे येतंय ते लगेच कळतं. (घोडा मागे ओढलेला असताना विचार बदलला तर तो हळूच खाली उतरवणं हेही शिकून घ्यायचं काम आहे, नळी टार्गेटकडे ठेवूनच, घामट अंगठ्याने तर नकोच.)

आणि दुसरा इलाज म्हणजे .४४ स्पेशल. हे लोकांना माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. .४४ मॅग्नम हे काडतूस आभाळातून पडलेलं नाही, ते एका घराण्यातलं आहे. १८७० च्या दशकात रशियन सैन्यासाठी स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्वरं बनवली, त्यांचं काडतूस .४४ रशियन. तेच लांब करून १९०७ च्या सुमारास .४४ स्पेशल आलं. मग आयडाहोमधला एल्मर कीथ नावाचा पशुपालक, शिकारी आणि बंदुकांवर लिहिणारा माणूस, त्याने हे स्पेशल काडतूस घरी जास्तीत जास्त जोरदार भरून वर्षानुवर्षं उडवलं आणि कंपन्यांच्या मागे लागला की असं तयार काडतूस काढा. शेवटी रेमिंग्टनने काडतूस आणि स्मिथ अँड वेसनने रिव्हॉल्वर असं मिळून १९५५ च्या अखेरीस ते आलं. केस स्पेशलपेक्षा साधारण तीन मिलिमीटर लांब ठेवली, का, तर चुकून कुणी ते जुन्या स्पेशलच्या रिव्हॉल्वरमध्ये घातलं तर आत बसूच नये. साधी युक्ती पण किती हात वाचले असतील. मॉडेल २९ हा नंबर मात्र १९५७ मधला, त्याआधी नुसतंच .४४ मॅग्नम म्हणायचे. १९७१ च्या एका हॉलिवूड पिक्चरनंतर सगळ्या जगाला ते हवं झालं, आणि तेव्हापासूनच लोक मला विचारतात तो प्रश्न विचारत असावेत. बाय द वे, .४४ हे नावच आहे, गोळीचा खरा व्यास इंचाच्या .४२९ च्या आसपास. जुन्या काळात गोळी केसच्या बाहेरच्या मापाची असायची, पुढे ती केसच्या आत बसायला लागली तशी बारीक झाली पण नाव तेच राहिलं.

तर मुद्दा हा की मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमध्ये स्पेशल बिनधास्त चालतं, उलटं नाही. नेहमीच्या स्पेशलचा वेग सेकंदाला २३० मीटरच्या आसपास, गोळी तेवढीच जड, आणि सव्वा किलोच्या धुडातून ते उडवलं की नुसता ढकलल्यासारखा मऊ धक्का. मी आता दहातले आठ बार स्पेशलचेच काढतो. एकच कटकट, केस आखूड असल्यामुळे चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, पुढे काजळीची एक कडी जमते, ती ब्रशने घासून काढली नाहीत तर नंतर मॅग्नमची लांब केस त्यात अडकते आणि मग बाहेर काढताना शिव्या.

घरी भरलेल्या काडतुसांचं एक सांगायलाच हवं. माझ्या एका मित्राने हौसेने भरलेली काडतुसं आणली होती. पाच बार व्यवस्थित आणि सहाव्याला सिलिंडर फिरेनाच. झालं असं की केसचं तोंड गोळीभोवती पुरेसं घट्ट वळवलं नव्हतं, त्यामुळे पाच धक्क्यांनी सहाव्या काडतुसातली गोळी हळूहळू पुढे सरकत आली आणि तिचं नाक सिलिंडरच्या बाहेर येऊन फ्रेमला, म्हणजे रिव्हॉल्वरच्या सांगाड्याला, अडलं. हलक्या काडतुसांत हे सहसा होत नाही, मोठ्या धक्क्याचंच हे दुखणं. आणि एक, फुसका बार. आवाज नेहमीपेक्षा लहान आला, धक्का जाणवला नाही, तर तिथेच थांबायचं, गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्या मागून दुसरी मारलीत तर नळी फुगेल नाहीतर फुटेल. आणि नुसतंच 'टक्' झालं, काही उडालंच नाही, तर नळी टार्गेटकडे धरून अर्धा मिनिट तसंच उभं राहायचं, कधीकधी बार उशिराने उडतो.

माझी स्वतःची फजिती मात्र त्या खालच्या दांडीची. सिलिंडर बाहेर काढून मागच्या बाजूला केसं ढकलायची जी दांडी असते तिचे आटे एकदा ढिले झाले. आटे ढिले झाले की दांडी लांब होते, पुढच्या कुलपात दाबून बसते आणि सिलिंडर उघडतच नाही. सहाही उडालेली होती म्हणून बरं. मी चिमटीत पकडून नेहमीसारखी घट्ट करायला गेलो, दांडी आणखी ढिली. पुन्हा जोर लावला, आणखी ढिली. काका लांबून हसत होते. दांडीला उलटे आटे असतात, १९६० च्या सुमारापासून कंपनीने ते मुद्दाम तसे केले, सिलिंडर ज्या बाजूला फिरतो त्या फिरण्याने ती सुटू नये म्हणून. म्हणजे मी अर्धा तास मन लावून ती सोडवत होतो. आता प्रत्येक वेळी निघण्याआधी बोटाने दांडी तपासतो.

जुनी वस्तू असल्याने थोडं कौतुकही असतं, ते लपवत नाही. माझं आहे त्या काळातल्या रिव्हॉल्वरांत नळी फ्रेममध्ये फिरवून वर आडवी पिन ठोकलेली असायची आणि प्रत्येक चेंबरच्या मागे केसची कड आत बसेल अशी खाच असायची. १९८२ च्या आसपास दोन्ही बंद झालं. नेमाला त्याने काडीचा फरक पडत नाही, पण हौशी लोक त्या पिनसाठी जीव टाकतात. पूर्ण ताकदीचा मारा रोज केला तर ही जुनी मॉडेलं सैल पडतात हेही खरंय, पुढे ८० च्या दशकात आतले भाग सुधारले ते त्यामुळेच. म्हणून कुणी जुनं घेत असेल तर आधी सिलिंडर पुढेमागे हलतो का बघा, घोडा ओढल्यावर प्रत्येक चेंबर नळीसमोर बरोबर येऊन लॉक होतं का बघा, आणि नळी व सिलिंडर यांच्यामधली फट बघा. ती फट असणारच, पातळ कागदाएवढी, आणि तिथून दर बाराला तापलेला वायू बाजूला फुटतो, तेव्हा आधाराच्या हाताचं बोट सिलिंडरच्या पुढे कधी न्यायचं नाही. कातडं जाईल. थट्टा नाही.

वेब्ली, म्हणजे जुनं ब्रिटिश रिव्हॉल्वर, असेल घरात, .४५५ चं, तर वेगळी काळजी. बऱ्याच वेब्लींचे सिलिंडर मागून घासून .४५ एसीपीची (ही मुळात ऑटोमॅटिक पिस्तुलाची) काडतुसं बसतील असे केलेले आहेत, आणि बाजारातल्या सर्वसाधारण .४५ एसीपीचा दाब त्या रिव्हॉल्वरला झेपेल एवढा नसून त्याच्या वरचा असतो. बसतं म्हणून उडवू नका. जाणकाराला दाखवा. आणि १८७३ चं कोल्ट सिंगल ॲक्शन (दर बाराला घोडा अंगठ्याने ओढायला लागतो ते) किंवा त्याची हुबेहूब नक्कल असेल तर सहा भोकांत पाचच काडतुसं, घोड्याखालचं रिकामं, कारण घोडा मिटलेला असताना त्याची सुई सरळ काडतुसावर टेकते, हातातून पडलं की बार.

"घरी संरक्षणासाठी ठेवलंय का?" असंही विचारतात. नाही. बंद खोलीत १६० डेसिबलच्या वरचा आवाज, डोळ्यापुढे जाळ, आणि भिंतीपलीकडे कोण आहे याचा पत्ता नाही, त्या कामाला हे अगदीच चुकीचं हत्यार आहे असं माझं मत. माझं कपाटात कुलपात असतं, काडतुसं दुसऱ्या कपाटात, आणि चामड्याच्या म्यानात घालून कधीच ठेवत नाही, चामडं ओल धरतं आणि गंजाचे ठिपके पडतात. एकदा घामेजल्या अंगठ्याचा ठसा पुसायला विसरलो होतो, तो ठसा फ्रेमवर अजून आहे. बोटांचे ठसे पोलिसांना शोधावे लागणार नाहीत.

रेंजवर मी कानात बोळे घालतो आणि वरून कान झाकणारे मफही, दोन्ही, कारण या आवाजाला एकाने भागत नाही. चष्मा तर हवाच.

आता एवढं वाचून कुणी म्हणणार, एकदा उडवून बघू का? या ना. रेंजवर या, आधी रिकाम्यावर पंधरावीस वेळा चाप ओढायला लावीन, मग देईन. पण पहिल्या वेळी सिलिंडरमध्ये एकच काडतूस असेल, बाकीची पाच भोकं रिकामी, कारण नवख्या माणसाचा हात धक्क्याने वर उडाला की घाबरून बोट पुन्हा आवळलं जातं आणि दुसरा बार छताला जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि ते एक काडतूस स्पेशल असेल, मॅग्नम नाही. त्यावरून रुसायचं नाही.