तुम्ही विचारलंत म्हणून: काल चालत होतं, आज का नाही?

सोशल मीडियाच्या एपीआयवर (बाहेरच्या प्रोग्रॅमला त्या सेवेशी बोलता यावं म्हणून ठेवलेलं दार) अ‍ॅप बनवणारी मंडळी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. "कालपर्यंत सगळं नीट चालत होतं. कोडला मी हातसुद्धा लावलेला नाही. आज पोस्ट जात नाहीत. शोधायला सुरुवात कुठून करू?" विचारणारा बहुतेक वेळा थकलेला असतो, कारण माझ्यापर्यंत येण्याआधी दोनतीन दिवस त्याने कोड उलटापालटा करून पाहिलेला असतो.

माझं उत्तर ठरलेलं आहे. कोड मिटून ठेवा आणि आधी एवढंच शोधा: ही रिक्वेस्ट (प्लॅटफॉर्मकडे गेलेली मागणी) कोणाच्या नावाने गेली होती, आणि त्या माणसाची परवानगी या क्षणी शाबूत आहे का?

हवामानाचा किंवा नकाशाचा एपीआय वापरताना आपण आपल्याच किल्लीने आत जातो. सोशल मीडियावर जवळजवळ प्रत्येक कॉल दुसऱ्या कुणाच्या तरी वतीने जातो. त्या व्यक्तीने एका पानावर "परवानगी द्या" हे बटण दाबलेलं असतं, त्यातून टोकन तयार झालेलं असतं, आणि ते दाखवून आपलं अ‍ॅप तिच्या नावाने बोलत असतं. २०१२ साली आरएफसी ६७४९ (इंटरनेटच्या प्रमाणांचा एक क्रमांकित दस्तऐवज) म्हणून आलेल्या ओऑथ २.० या परवानगीच्या पद्धतीची उभारणी याच कल्पनेवर आहे. पासवर्ड न देता मर्यादित अधिकार सोपवायचा, आणि वाटेल तेव्हा तो काढून घेता आला पाहिजे. कोड तुमच्या ताब्यात असतो. ही परवानगी नसते. ती व्यक्ती पासवर्ड बदलते, अ‍ॅप काढून टाकते, पेजच्या अ‍ॅडमिनपदावरून दूर होते, किंवा नुसती टोकनची मुदत उलटते. तुमच्या कोडमधलं एक अक्षरही बदललेलं नसतं, आणि अ‍ॅप बंद पडतं.

हे मला उमगायला एक अख्खा शनिवार-रविवार गेला. एका छोट्या संस्थेसाठी मी ठरलेल्या वेळी पोस्ट टाकणारं अ‍ॅप केलं होतं. सहा महिने सुरळीत चाललं आणि एका शुक्रवारी संध्याकाळी पोस्ट जायच्या थांबल्या. लॉगमध्ये, म्हणजे नोंदींत, फक्त "४००" दिसत होतं. ४०० म्हणजे रिक्वेस्टमध्ये काहीतरी चुकलंय, असं समजून मी रिक्वेस्टच तपासत बसले. पॅरामीटर पाहिले, एन्कोडिंग पाहिलं, लायब्ररीचं जुनं व्हर्जन लावून पाहिलं, सर्व्हरसुद्धा बदलला. रविवारी रात्री शेवटी रिस्पॉन्सचा, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या उत्तराचा, पूर्ण मजकूर छापला, तर त्यात स्वच्छ लिहिलं होतं की पासवर्ड बदलल्यामुळे हे सेशन रद्द झालं आहे. शुक्रवारी दुपारी त्या खात्याची जबाबदारी संस्थेतल्या दुसऱ्या बाईंकडे आली होती आणि त्यांनी सगळ्यात आधी पासवर्ड बदलला होता. अगदी योग्यच केलं होतं त्यांनी. पुन्हा लॉगिन करायला त्यांना एक मिनिट लागलं.

तो मजकूर शुक्रवारपासून दर वेळी येत होता. माझा कोड फक्त स्टेटस कोड (ते ४००) ठेवून बाकीचं टाकून देत होता. तेव्हापासून एरर आली की रिस्पॉन्सची बॉडी (आतला मजकूर) आणि हेडर (त्यावरची माहिती) जसेच्या तसे नोंदवायचे, हा माझा पहिला नियम आहे. मेटा म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी; तिच्या ग्राफ एपीआयमध्ये टोकनची तक्रार १९० या कोडखाली येते, पण कारण सबकोडमध्ये असतं. ४६३ म्हणजे मुदत संपली, ४६० म्हणजे पासवर्ड बदलला, ४५८ म्हणजे माणसाने अ‍ॅपच काढून टाकलं. वरून तिन्ही सारखे दिसतात, पण वागायचं वेगवेगळं. पहिल्या दोन्हींत पुन्हा लॉगिन करण्याची विनंती करायची. तिसऱ्यात त्या माणसाने "नको" म्हटलेलं आहे. तिथे मागे लागायचं नसतं, आपल्याकडे साठलेल्या त्याच्या माहितीचं काय करायचं ते बघायचं. रिस्पॉन्ससोबत एक ट्रेस आयडीही येतो. तो जपा, प्लॅटफॉर्मकडे तक्रार नोंदवताना तोच लागतो. आणि मेटाचं टोकन डीबगर नावाचं एक साधन आहे. त्यात टोकन टाकलं की ते कोणाचं, कोणत्या अ‍ॅपचं, कधीपर्यंतचं आणि त्याला कोणत्या परवानग्या आहेत, हे सगळं समोर येतं. माझा तो रविवार या साधनासारख्या एखाद्या गोष्टीने पाच मिनिटांत वाचला असता.

याच प्रश्नाचा सख्खा भाऊ म्हणजे "माझ्याकडे चालतं, बाकी कोणाकडेच चालत नाही." इथेही मी "कोणाच्या नावाने" हेच विचारते. मेटाचं अ‍ॅप डेव्हलपमेंट मोडमध्ये असेल तर अ‍ॅपवर अ‍ॅडमिन, डेव्हलपर किंवा टेस्टर म्हणून नोंदलेल्या लोकांनाच ते चालतं. आपण स्वतः अ‍ॅडमिन असतो, त्यामुळे आपल्याला सगळी दारं उघडी दिसतात. रिव्ह्यू झालेला नसतो हे बाहेरचा पहिला माणूस आला की कळतं. गूगलकडे याचं आणखी एक रूप आहे: बाहेरच्या लोकांसाठीचं अ‍ॅप "टेस्टिंग" स्थितीत असेल, तर यूट्यूबसारख्या सेवांसाठी मिळालेलं रिफ्रेश टोकन (चालू टोकन संपल्यावर नवं मिळवून देणारं) सात दिवसांत संपतं. "दर आठवड्याला एकदा बंद पडतं" असं कुणी म्हटलं की मी आधी तेवढंच बघायला सांगते. म्हणून माझ्याकडे कायम एक दुसरं खातं असतं, ज्याचा त्या अ‍ॅपशी कसलाही संबंध नाही. चाचणी त्याच्यावर करायची.

रेट लिमिटबद्दल, म्हणजे ठरावीक वेळात किती रिक्वेस्ट चालतील त्या मर्यादेबद्दल, फार बोलत नाही, कारण ती निदान स्वतःचं नाव सांगते. ती संपल्याचं सांगणारा ४२९ हा स्टेटस २०१२ च्या आरएफसी ६५८५ मध्ये आला. त्याआधी ट्विटर स्वतःचाच ४२० वापरत असे. थांबायचं किती ते अनेकदा हेडरमध्ये लिहिलेलं असतं, ते वाचा आणि तेवढं थांबा. फक्त मर्यादा कोणाची संपली ते बघा. ग्राफ एपीआयमध्ये ४ हा कोड अख्ख्या अ‍ॅपची मर्यादा सांगतो आणि १७ एका वापरकर्त्याची. एका माणसासाठी सगळ्यांना थांबवू नका. आणि पोस्ट टाकताना टाइमआउट झाला तर लगेच पुन्हा पाठवू नका. ती कदाचित पोचलेली असते, फक्त उत्तर परत आलेलं नसतं. मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कने यासाठी आयडेम्पोटन्सी-की नावाचा हेडर दिला आहे. तीच की घेऊन दुसऱ्यांदा गेलात तरी पोस्ट एकच राहते. कुणाच्या भिंतीवर तीच श्रद्धांजली तीनदा लागलेली मी पाहिली आहे, म्हणून हे इतक्या आग्रहाने सांगते.

परवानगी शाबूत आहे, टोकन ताजं आहे, तरी चालत नाही? मग मजकुराकडे या. माझा जीव खरा इथे रमतो.

ओऑथ १.० मध्ये प्रत्येक रिक्वेस्टवर सही करावी लागते आणि सहीसाठी मजकूर ठरावीक पद्धतीने एन्कोड करावा लागतो. माझ्या एका अ‍ॅपमध्ये काही पोस्ट जात आणि काही "ओळख पटली नाही" म्हणून परत येत. टोकन तेच, खातं तेच. मी जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या पोस्ट शेजारी शेजारी मांडल्या, तेव्हा दिसलं की परत आलेल्या प्रत्येकीत उद्गारचिन्ह नाहीतर कंस होता. जावास्क्रिप्टचं एन्कोड करणारं नेहमीचं फंक्शन उद्गारचिन्ह, तारा, एकेरी अवतरण आणि दोन्ही कंस तसेच सोडतं. ओऑथला ते बदलून हवे असतात. एररचा रोख ओळखीकडे होता आणि दोष एका विरामचिन्हात.

पोस्टच्या आयडीचंही असंच. ट्विटरने २०१० मध्ये ६४ बिटांचे, म्हणजे खूप लांब आकड्यांचे, आयडी आणले. जावास्क्रिप्टमधला साधा आकडा ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच पूर्णांक अचूक धरतो. पुढे शेवटचे अंक गोलावतात. कुठेही एरर येत नाही, फक्त "अशी पोस्ट नाही" असं उत्तर मिळतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतीच पोस्ट. आयडी नेहमी स्ट्रिंग (आकडा नव्हे, मजकूर) म्हणून घ्या, त्यांची बेरीज-वजाबाकी आपल्याला कधीच करायची नसते.

आपल्या लिपीत लिहिणाऱ्यांना तर आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. "नमस्कार" हा शब्द घ्या. वाचताना चार अक्षरं, युनिकोडचे सात कोड पॉइंट (एकेका चिन्हाचे क्रमांक), आणि ते साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत एकवीस बाइट. पोस्टमध्ये कुठून कुठपर्यंत लिंक आहे हे ब्लूस्काय नावाचं सोशल नेटवर्क बाइटमध्ये मोजून मागतं. टेलिग्राम यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीच्या एककांत मोजतं. रोमन लिपीत चाचणी केली तर दोन्ही आकडे जुळतात आणि सगळं बरोबर वाटतं. देवनागरी मजकूर आला की ब्लूस्कायवर लिंक भलत्याच शब्दावर जाऊन बसते. इमोजी आला की टेलिग्रामवर एका घराने सरकते. इंग्रजी वाक्यांवर पास झालेली चाचणी मी चाचणी धरतच नाही. जोडाक्षर, अनुस्वार आणि एक इमोजी असलेलं वाक्य त्यात हवंच.

वेबहूकची (प्लॅटफॉर्म स्वतःहून आपल्या सर्व्हरला पाठवतो त्या सूचनेची) सही जुळत नसेल तर एकच तपासा. तुम्ही सही आलेल्या कच्च्या बाइटवर मोजताय, की जेसन (माहिती लिहायचा एक साचा) उलगडून पुन्हा गुंडाळल्यावर? फ्रेमवर्क मधल्या मध्ये मजकूर उलगडून देतं आणि युनिकोडचं लिखाण बदलतं. आतली माहिती तीच राहते, बाइट वेगळे होतात, सही मोडते.

आता एक गोष्ट माझ्या उत्तरात बसत नाही, तीही सांगायला हवी. कधी माणसाची परवानगी धडधडीत शाबूत असते आणि तरी दार बंद होतं, कारण प्लॅटफॉर्मने ठरवलेलं असतं. ग्राफ एपीआयचं पहिलं व्हर्जन ३० एप्रिल २०१५ ला बंद झालं आणि त्याबरोबर एकाच्या परवानगीवर त्याच्या मित्रांची माहिती घ्यायची सोय गेली. अनेक अ‍ॅप त्या दिवशी मोडली. तरी तो निर्णय मला पटतो, कारण त्या मित्रांनी बटण कधी दाबलंच नव्हतं. २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा अशाच जुन्या वाटेने गोळा झालेल्या माहितीचं काय होतं ते जगाने पाहिलं. २०२३ ची गोष्ट वेगळी. ट्विटरने मोफत एपीआयचा जुना व्यवहार संपवला, रेडिटने पैसे आकारायचं ठरवलं आणि रेडिट वाचायचं अपोलोसारखं लोकांचं आवडतं अ‍ॅप ३० जूनला बंद झालं. तिथे वापरणाऱ्यांनी कुठेही "नको" म्हटलं नव्हतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

यावर डिबगिंगने उपाय होत नाही. बदलांची नोंदवही वाचणं तेवढं आपल्या हाती आहे. इन्स्टाग्रामचा बेसिक डिस्प्ले एपीआय ४ डिसेंबर २०२४ ला बंद होणार हे काही महिने आधी जाहीर झालं होतं, तरी त्यानंतर "अचानक बंद पडलं" म्हणणारे मला भेटले. व्हर्जनकडेही लक्ष ठेवा. ग्राफ एपीआयचं तुमचं व्हर्जन संपलं की कॉल नापास होतोच असं नाही, तो उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या व्हर्जनवर वळवला जातो. एरर न येता एखादं फील्ड गायब होतं, आणि तुम्ही ते आपल्या डेटाबेसमध्ये शोधत बसता.

मदत मागताना मात्र टोकन झाकूनच पाठवा. घाईत लोक अख्खी रिक्वेस्ट चिकटवतात आणि तिच्यात कुणा तिसऱ्याच्या खात्याची किल्ली असते. ते टोकन ज्याच्या हातात, त्याचा अधिकार; कोण वापरतंय हे समोरचा सर्व्हर विचारत नाही.

मागच्या महिन्यात एकाने विचारलं, "काही लोक आपोआप लॉगआउट होतात, कोण ते आधी सांगता येत नाही." सगळी टोकनं नीट, परवानग्या नीट. मी त्याला एका बिघडलेल्या खात्याची पूर्ण नोंद काढायला लावली. तिच्यात टोकन ताजं करायच्या दोन रिक्वेस्ट होत्या, एकीमागून दुसरी, सेकंदाच्या आत. त्याचे दोन वर्कर (मागे चालणारे प्रोग्रॅम) एकाच वेळी जागे होत आणि तेच रिफ्रेश टोकन वापरत. तो प्लॅटफॉर्म दर वेळी नवं रिफ्रेश टोकन देऊन जुनं रद्द करतो. जुनं पुन्हा आलेलं पाहून प्लॅटफॉर्मने सगळंच रद्द केलं होतं. विचारणाऱ्याने एका खात्यासाठी एकावेळी एकच वर्कर असं लॉक घातलं आणि गळती थांबली. पण ज्या अकरा जणांची टोकनं आधीच गेली होती, ती परत आणायला कोडमध्ये वाट नव्हती. त्याने अकराही जणांना स्वतः लिहून काय झालं ते सांगितलं आणि पुन्हा परवानगी मागितली. नऊ जणांनी दिली.