गोंयकार की मराठी?

पुण्याला गेलो की कुणीतरी विचारतंच, "तुम्ही डिचोलीचे, घरी कोकणी बोलता, मग मराठीत कसे लिहिता?" गोव्यात तोच प्रश्न धारदार होतो: "तूं गोंयकार काय मराठी?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दोन्ही.

माझे आजोबा कूळ. शेत भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, घाम आमचा. आजी रागवायची कोकणीत, पण देवळातलं कीर्तन मराठीत, आजोबांची अक्षरओळखही मराठीच. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाची निशाणी फूल होती, वेगळ्या गोव्याची दोन पानं. आजोबांनी फुलाला मत दिलं. फूल ३४,०२१ मतांनी हरलं. त्यांना मुंबईचा सोस नव्हता. भाटकाराच्या अंगणात वाकून उभं राहणं संपावं, एवढंच हवं होतं, आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, विलीनीकरणवादी भाऊसाहेब बांदोडकर यांच्यावर त्यांचा भरवसा होता. अशा माणसांना गोव्याचे वैरी म्हटलेलं मला आजही सहन होत नाही. दोन पानांवाल्यांनी गोवा राखला, हेही मी तितक्याच मनापासून मानतो.

पण आता मला दुसराच प्रश्न छळतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. घेतलं की भारताचं जातं. कॉलेजातला माझा दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचा मित्र तसाच इंग्लंडला गेला. चर्चच्या फेस्ताला, सणाला, येतो तेव्हा सगळा वाडा त्याला भेटायला जमतो. तो गोंयकारच, त्यात दुमत नाही. दिल्लीहून येऊन हणजुणला बंगला घेणाऱ्यालाही तोंडावर सगळे 'साहेब'च म्हणतात. आणि आमच्या बाजारात भाजी विकणारी बाई? ती कर्नाटकातल्या गदगची. तिची मुलगी डिचोलीतच जन्मली, माझ्या मुलीच्या वर्गात कोकणी कविता म्हणते. त्या दोघी मात्र 'घाटी', म्हणजे घाटापलीकडून आलेल्या उपऱ्या. पासपोर्ट, भाषा, जन्मगाव यातलं काहीच इथं बघितलं जात नाही. बघितली जाते ती डोक्यावरची पाटी.

मराठी बोलले म्हणून हाच शब्द माझ्या वडिलांनी मडगावात ऐकला होता. घरी येऊन ते जेवले नव्हते. तरीही गेल्या पावसाळ्यात त्या भाजीवालीशी सुट्या पैशांवरून वाद झाला आणि तो माझ्याच तोंडून बाहेर पडला, तिच्या मुलीसमोर.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. ती अळूच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हाका संवय जाल्या, पात्रांव." पात्रांव, म्हणजे मालक.