साडेतीन मिलिमीटर

भाच्याची रिमोटची गाडी दिवाळीपासून माझ्याकडे पडून होती. "आत्या, ही पार्किंगच्या चढावर रडते," एवढीच तक्रार. गाडी तशी धडधाकट. मेली होती तिच्या पोटातली बॅटरी. हिरव्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पाच पेन्सिल सेल, पंगतीला बसल्यासारखे शेजारी शेजारी. निकेलचे, चार्ज करायचे. एकेक १.२ व्होल्टचा, पाचांचे मिळून सहा.

मेलेल्या सेलवर आमच्या घरी पूर्वी बरेच उपचार व्हायचे. वडील ते उन्हात ठेवायचे, भाऊ दातांनी चेपायचा आणि रेडिओवरची मॅच संपेपर्यंत ते बिचारे जगायचेही. चार्जिंगच्या बॅटरीला यातलं काही लागू पडत नाही हे मला माहीत आहे. तरी ही मी दोन दिवस गच्चीत ठेवली. सवय, दुसरं काय!

मग बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत गेले. दुकानदाराने जुनी बॅटरी हातात न घेताच मान हलवली. "ताई, हे आता कोण वापरतं? लिथियम घ्या. दोनच सेल, ७.४ व्होल्ट, आत सर्किट आहे, वजनाला हलकी." या सेलला म्हणतात १८६५०. हा आकडा म्हणजे त्याचं मापच. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल. स्वतःचं माप नावातच सांगणारी वस्तू मला फार प्रामाणिक वाटली. इतकी, की ते माप गाडीच्या मापाशी ताडून बघायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर बॅटरी खोबणीत ठेवली. लांबीला बसली, रुंदीलाही बसली. मी भाच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग झाकण लावायला गेले. पेन्सिल सेलची जाडी १४.५ मिलिमीटर, हिची १८. साडेतीन मिलिमीटरचा प्रश्न.

साडेतीन हा आकडा आपल्या घरचाच. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन. त्यातही लक्षात राहतो तो अर्धाच. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर ही नावं घेताना बोटांवर मोजावं लागतं. तलवारीच्या बाबतीत कमी पडले म्हणून अर्धे ठरलेले नाना फडणवीस मात्र शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. माझ्या झाकणाचं तसंच झालं. त्याच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या दोन उभ्या कडा होत्या, त्या ब्लेडने खरवडल्यावर दोन मिलिमीटर मिळाले. तळाशी स्पंजची पट्टी चिकटवलेली होती, ती काढल्यावर आणखी एक. राहिला अर्धा. त्या अर्ध्यासाठी मी रविवारची दुपार घालवली. बॅटरी उलटी करून पाहिली, वायर खालून घेतली, वरून घेतली, झाकणावर गुडघा टेकवला. (लिथियमच्या बॅटरीवर गुडघा टेकवू नये. ती दबली, भोसकली गेली तर पेट घेऊ शकते. हे मला माहीत होतं आणि तरीही.) शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी कापली आणि गाडीच्या पोटाला कमरपट्ट्यासारखी बांधून टाकली. झाकण बसलं म्हणता येणार नाही, पण उठायचंही थांबलं.

पिनचं त्याआधीच उरकलं होतं. नव्या बॅटरीची पिन वेगळी, म्हणून जुनीची कापून हिला जोडायची. एका वेळी एकच वायर कापायची असते. लाल आणि काळी एकदम कापली तर कात्रीचं पातंच दोन्ही वायरी एकमेकींना जोडतं. हे मी भाच्याला नीट समजावून सांगितलं, आणि बोलण्याच्या भरात दोन्ही एकदम कापल्या. चट्‌ आवाज झाला, ठिणगी उडाली, पात्याला बारीक खळगा पडला. मीटर लावला तर शून्य. माझा चेहरा बघून भाचा हळूच आतल्या खोलीत गेला. खरं तर बॅटरीतल्या सर्किटने आपलं काम चोख केलं होतं. धोका दिसला, दार लावून घेतलं. नव्या चार्जरला क्षणभर जोडल्यावर ते दार पुन्हा उघडलं. पुढे सोनार साखळीला डाग देतो तसे दोन डाग दिले आणि जोड झाला. जुना चार्जर मात्र माळ्यावर टाकला. निकेलचा चार्जर लिथियमला लावणं म्हणजे आगीशी खेळ.

संध्याकाळी गाडी पार्किंगमध्ये सोडली. पूर्ण भरलेली ही बॅटरी ८.४ व्होल्ट देते आणि मोटरला सवय सहाची. गाडी जागच्या जागी पुढून उचलली गेली, चढ तर तिने मोजलाच नाही. "पाच मिनिटं पळवा आणि मोटरला हात लावून बघा," असं दुकानदाराने बजावलं होतं. भाचा दर पाच मिनिटांनी गाडी उलटी करून, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवत होता.

जुनी बॅटरी संपताना आधी सांगायची. गाडी मंदावायची, वळणावर कुरकुरायची आणि ती दारापर्यंत परत आणण्याइतका वेळ द्यायची. आमच्याकडे तर तीच जेवायला हाक मारायची वेळ. लिथियमला हे आजारपण नाही. व्होल्टेज ठरलेल्या रेषेखाली गेलं की सर्किट पुरवठा तोडतं, कारण त्याहून रिकामा झालेला सेल खराब होतो. शेवटपर्यंत तीच धाव, आणि मग एकदम काही नाही.

ते एकदम काही नाही झालं ते शेजारच्या काकांच्या मोठ्या गाडीखाली, अगदी मधोमध. भाचा रिमोट दाबत राहिला, रिमोटवर दोन थापा मारल्या (ही विद्या पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे), मग माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं फरशीवर पालथे पडलो आणि झाडूच्या दांड्याने तिला ओढू लागलो. काका नेमके तेव्हाच किल्ली फिरवत आले आणि दोन जोड पाय बघून थबकले.

"काय झालं?"

"बॅटरी," मी आतून म्हणाले.

"माझी?" काकांनी घाबरून विचारलं.

तिसऱ्या ओढीला दांडा ट्यूबच्या पट्टीत अडकला. गाडी बाहेर आली, झाकण आत राहिलं.