वार बघून निघा: मोटरहोमनं व्हर्जिनिया ते नॅशव्हिल

मेरीलँडमध्ये पस्तीस वर्षं संसार केला, आणि इतकी वर्षं गाडीच्या रेडिओवर कंट्री संगीत लागलं की आम्ही स्टेशन बदलायचो. निवृत्तीनंतर ह्यांनी एका दुपारी कार्टर कुटुंब ह्या जुन्या कंट्री गायक घराण्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या आणि मला स्वयंपाकघरातून हाक मारली. "हे ऐक, आपल्या आळीतल्या भजनासारखं वाटतंय." सप्टेंबरमध्ये आम्ही सहा दिवसांसाठी मोटरहोम भाड्यानं घेऊन निघालो, ते त्या दुपारमुळे.

तुम्ही जाणार असाल तर आधी वार बघा, मग नकाशा उघडा. व्हर्जिनियाच्या ह्या डोंगराळ भागातलं खरं संगीत गावोगावच्या ठरलेल्या वारांना होतं. फ्लॉइडला शुक्रवारी, हिल्टन्सला शनिवारी. चुकीच्या दिवशी पोचलात तर बंद दुकान आणि कुलूप लावलेला मंडप बघून परत याल. आम्ही गुरुवारी निघालो आणि पुढचं सगळं आपोआप जुळत गेलं.

गाडी २५ फुटी होती, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. त्यासाठी साधा ड्रायव्हिंग परवाना पुरतो. पण भाड्यानं देणाऱ्याकडून सगळी बटणं समजावून घ्यायला तासभर तरी राखून ठेवा, आणि तो दाखवत असताना फोनवर व्हिडिओ काढा. आम्हाला वीस मिनिटांत किल्ली हातात देऊन वाटेला लावलं होतं, तेव्हा पहिल्या रात्री टाक्यांचं गणित टॉर्चच्या उजेडात शिकावं लागलं. नियम सोपा आहे: आधी संडासाची टाकी रिकामी करायची, मग अंघोळीच्या-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्यानं नळी धुऊन निघते. जाड हातमोजे स्वतःचे न्या. गाडीची उंची कागदावर ठळक लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. आणि पेट्रोल भरपूर लागतं, गॅलनला ८ ते १० मैल एवढंच धरून चला.

फोडणीचं मुद्दाम सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी पोह्यांची फोडणी केली आणि मिरची तेलात पडताक्षणी धुराचा अलार्म किंचाळला. शेजारच्या तंबूतले लोक बाहेर आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अलार्म काढून ठेवायचा मोह होईल, पण तो कधीही करू नका, आपण गॅसच्या टाकीसोबत झोपतो. फोडणी घरून करून बाटलीत भरून न्या, किंवा छतावरचा पंखा आणि दार दोन्ही उघडूनच कढई ठेवा. विजेची शेगडी नेणार असाल तर लक्षात ठेवा, ३० अँपिअरच्या जोडणीवर एसी, मायक्रोवेव्ह आणि शेगडी एकदम चालत नाहीत.

रोअनोकपासून आम्ही ब्लू रिज पार्कवे हा डोंगरातला रस्ता धरला. पूर्ण रस्ता ४६९ मैलांचा आहे, वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैल, आणि वाटेत पार्कवेवर कुठेही पेट्रोल मिळत नाही. रोअनोकलाच टाकी भरून घ्या. खुणा सगळ्या मैलाच्या दगडांवरून सांगतात. १६७व्या मैलाजवळ रॉकी नॉबचा तळ आहे, तिथे आम्ही मुक्काम केला. वीज-पाण्याची जोडणी नाही, पण झाडी दाट आणि रात्र अगदी शांत. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळानं नॉर्थ कॅरोलायनातल्या पार्कवेचं फार मोठं नुकसान केलं, त्यामुळे त्या बाजूला जायचं असेल तर कुठला टप्पा उघडा आहे ते राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी बघून घ्या.

शुक्रवारी संध्याकाळी फ्लॉइड. अख्ख्या काउंटीत मिळून एकच ट्रॅफिक सिग्नल, आणि त्याच्या जवळच ते जुनं लाकडी दुकान, फ्लॉइड कंट्री स्टोअर. सुरुवात भक्तिगीतांनी होते, मग नाचाचे बँड. मोठी गाडी गावात सहा वाजायच्या आत नेऊन लावा, नंतर कडेला जागा उरत नाही. आतल्यापेक्षाही मला फुटपाथवरचं जास्त भावलं: चारपाच जणांचा घोळका, कोणाकडे फिडल (म्हणजे व्हायोलिनच), कोणाकडे बँजो, कोणी घराच्या पायरीवर बसलेला. नवखा पोरगा आला तरी सरकून जागा देतात आणि त्याची पाळी आली की बाकीचे आवाज खाली घेतात. आत नाचताना सत्तरीच्या एका बाईंनी माझा हात धरून फ्लॅटफूट शिकवला. "पाय उचलू नको, जमिनीवर ऐकू येऊ दे," एवढंच त्या सांगत राहिल्या. माझे गुडघे दुखतात, पण ह्या नाचात उड्या नाहीतच, सगळं काम चवड्याचं आणि टाचेचं. ज्यांना टाळ धरून पावली घालायची सवय आहे त्यांना दहा मिनिटांत जमेल.

शनिवारी दुपारी २१३व्या मैलावरच्या ब्लू रिज म्युझिक सेंटरमध्ये थांबलो. हंगामात तिथे दुपारी बारापासून स्थानिक वादक फुकट वाजवतात. इथे मी पहिल्यांदा बँजो दोन हातांच्या अंतरावरून बघितला. चार तारा नेहमीसारख्या, पण पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांडीच्या मध्येच कडेला. वादक अंगठ्यानं ती एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होता, चाल कुठेही गेली तरी ती आपल्या सुरावर ठाम. ह्यांना म्हटलं, ही तर चिकारी. सतारीची चिकारी जशी मधून मधून वाजत स्वर धरून ठेवते, तसंच. बँजो हे वाद्य मुळात पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी इकडे आणलं. पुढे प्रत्येक गाण्यात माझा कान त्या पाचव्या तारेकडे जात राहिला.

तिथून हिल्टन्सला जाताना नकाशा महामार्ग ५८ सुचवू शकतो. अंतर कमी दिसतं, पण डमास्कस गावाच्या अलीकडे इतकी वळणं आहेत की मोठ्या गाडीला तो रस्ता नको. गॅलॅक्सहून आय-७७ आणि मग आय-८१ हे मोठे महामार्ग धरा. मुक्काम किंग्जपोर्टच्या वॉरियर्स पाथ स्टेट पार्कमध्ये केला, तिथे वीज-पाणी आहे. आधी तळावर जाऊन जागेवर दोन खुर्च्या मांडून ठेवल्या आणि मगच कार्यक्रमाला गेलो, कारण रात्री परतल्यावर अंधारात जागा शोधणं फार अवघड.

हिल्टन्सचं कार्टर फॅमिली फोल्ड हे माझ्यासाठी सगळ्या सहलीचं मर्म. ए. पी. आणि सारा कार्टर यांची मुलगी जॅनेट हिनं १९७४ मध्ये वडिलांच्या इच्छेखातर हे सुरू केलं. उतारावर बांधलेला लाकडी मंडप, पायऱ्यापायऱ्यांची बसायची जागा, समोर नाचायची फरशी. दारू चालत नाही. वाद्यांना वीज लावायची नाही, हा नियम घरचा जावई असलेल्या जॉनी कॅश ह्या प्रसिद्ध गायकाला मात्र शिथिल केला होता. त्याची बायको जून ही मेबेल कार्टरची मुलगी. जून मे २००३ मध्ये गेली, आणि जुलैत तो याच रंगमंचावर शेवटचं जाहीर गायला, सप्टेंबरमध्ये तोही गेला. हे ठाऊक असलेली मंडळी आजूबाजूला बसलेली असतात. कार्यक्रम साडेसातला असतो, पण लवकर या, शेजारी ए. पी. कार्टरच्या जुन्या दुकानात संग्रहालय आहे, आणि त्याचं जन्मघर, ती ओंडक्यांची झोपडी, आवारात आणून ठेवली आहे. आमच्या पुढे सहा वर्षांची नात आणि तिचे आजोबा नाचत होते, दोघांच्याही बुटांना लोखंडी पट्ट्या, ताल एकच.

शाकाहारींसाठी एक सूचना. ह्या भागात राजम्यासारख्या पिंटो बीन्स आणि मक्याच्या पिठाचा पाव सर्रास मिळतो, दिसायला अगदी आपलं जेवण वाटतं, पण बीन्समध्ये बहुधा डुकराच्या मांसाचा तुकडा शिजवलेला असतो. विचारूनच घ्या.

रविवारी दुपारी ब्रिस्टल. इथल्या स्टेट स्ट्रीटच्या मधोमध पितळी खुणा आहेत, एका बाजूला टेनेसी, दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया. १९२७ च्या २५ जुलै ते ५ ऑगस्टमध्ये ध्वनिमुद्रिका कंपनीच्या राल्फ पीअर यानं टोप्यांच्या एका कंपनीच्या इमारतीत ध्वनिमुद्रणाची यंत्रं मांडली आणि १९ मंडळींची ७६ गाणी टिपली. कार्टर तिघं, म्हणजे ए. पी., सारा आणि मेबेल, डोंगरातून खडखडत्या गाडीनं आले, मेबेल आठ महिन्यांची गरोदर. विजेचा मायक्रोफोन नुकताच आलेला, म्हणून हलक्या आवाजातलं घरगुती गाणंही मुद्रिकेवर उतरलं. २०१४ पासून इथे कंट्री संगीताच्या जन्माचं संग्रहालय आहे. दोन तास राखून ठेवा, सोमवारवर ढकलू नका.

ब्रिस्टल ते नॅशव्हिल साधारण ३०० मैल. नॉक्सव्हिलच्या पुढे घड्याळ एक तास मागे जातं. मंगळवारच्या ग्रँड ओल ऑप्रीची तिकिटं आम्ही दोन महिने आधी काढली होती. २८ नोव्हेंबर १९२५ ला सुरू झालेला हा कार्यक्रम आजही रेडिओवर थेट जातो, मधे निवेदक जाहिराती वाचतो, एकेक गायक दोनतीन गाणी म्हणून जातो. रंगमंचाच्या मध्यभागी सहा फुटांचा ओक लाकडाचा गोल आहे, जुन्या रायमन सभागृहाच्या फरशीतून कापून १९७४ मध्ये आणलेला. २०१० च्या पुरात रंगमंच पाण्याखाली गेला, तो गोल मात्र वाचवला. मुक्कामाला म्युझिक व्हॅली ड्राइव्हवरचे तळ सोयीचे, मोटरहोम घेऊन ब्रॉडवे ह्या गजबजलेल्या रस्त्यावर जाऊच नका.

ब्रॉडवेवरचा गोंगाट आम्हाला अर्ध्या तासात पुरे झाला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयात मात्र मेबेलची १९२८ ची गिब्सन गिटार आहे. अंगठ्यानं जाड तारांवर चाल, बोटांनी बारीक तारांवर ठेका, अशी तिची पद्धत. शनिवारी फोल्डवर एका पोरीनं नेमकं तसंच वाजवलं होतं. ह्यांनी काचेसमोर उभं राहून अंगठा हलवून बघितला.

खर्चाचं एक: वय ६२ किंवा त्यापुढे असेल आणि तुम्ही नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असाल तर राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांचा आजीव पास ८० डॉलरला मिळतो. पार्कवेच्या तळांवर त्यानं भाडं निम्मं होतं. भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना तो काढता येत नाही.

ऑगस्टमध्ये गॅलॅक्सला फिडलवाल्यांचं अधिवेशन भरतं, १९३५ पासून. लोक मैदानात गाड्या लावून रात्रभर वाजवतात. गाडीसाठी आम्ही जानेवारीतच फोन करणार आहोत, आणि ह्यांनी परवा बँजो मागवला आहे.